केकवरचे पांढरे ठिपके

सासरी भजी तळायचा एक झारा होता, त्याला अगदी एकसारखी गोल छिद्रं होती. लग्न होऊन पवनीला आल्यापासून मी त्या झाऱ्याकडे वेगळ्याच नजरेनं बघत होते. चॉकलेटवर झारा आडवा धरायचा, वरून चहाच्या गाळणीनं पिठीसाखर चाळायची आणि झारा अलगद उचलायचा, की काळ्यावर पांढरे ठिपके. ही युक्ती मला कुणी शिकवली नव्हती. माझ्या डोक्यात येणाऱ्या बहुतेक गोष्टी वाया जातात, म्हणून ही एक वापरून बघायची मला घाई झाली होती.

संधी आली ती नणंदेच्या डोहाळजेवणाला. गोंदिया वेगळा जिल्हा झाल्यावर आमच्या जावयांची बदली तिकडे झाली होती आणि ती दोघं तिथंच राहत. नणंदेची दोन गरोदरपणं अर्ध्यावरच राहिली होती. आता तिसऱ्या वेळी सातवा महिना लागला होता, ती डोहाळजेवणासाठी माहेरी आली होती, आणि घरात सगळेच भीत होते. सासूबाई तिला पायरीसुद्धा हात धरून उतरवत. सासरे दिवसभर पेपर तोंडासमोर धरून बसत आणि पान उलटत नसत. पपई तर सोडाच, पपईचं झाड असलेल्या गल्लीतूनही तिला नेत नव्हते. मला हसू यायचं, पण ते मी गिळून टाकायची, कारण खरं सांगायचं तर मीही भीत होते. मला ती आवडायची. त्या घरात मला पहिल्यांदा चहा करून देणारी तीच.

तिला चॉकलेट खावंसं वाटत होतं. ओव्हन वगैरे घरात नव्हता, म्हणून मी बिस्किटांचा थरांचा केक करायचं ठरवलं. दुधात बुडवलेली बिस्किटं, त्यावर चॉकलेट, त्यावर घोटलेली साय, पुन्हा बिस्किटं, असे चार थर काचेच्या मोठ्या भांड्यात रचले. सगळ्यात वर चॉकलेट ओतलं आणि त्यावर काट्याच्या चमच्यानं लाटा ओढल्या. दुधाची रिकामी पिशवी धुऊन तिचा कोपरा कातरला आणि त्यातून सायीची किनार काढली. बटाट्याच्या सालकाढण्यानं चॉकलेटच्या वडीचे वळलेले पापुद्रे काढून कडेनं पेरले. मग फळीवरून पिठीसाखरेचा डबा काढला, झारा धरला आणि मधोमध ठिपके पाडले. इतके सुरेख उमटले की मी दोन पावलं मागे जाऊन बघत उभी राहिले. सासूबाई आत येऊन म्हणाल्या, "भज्याचा झारा थो, त्याचं असं बी होते?" त्यांच्या तोंडून ही शाबासकीच होती. आणि लगेच त्यांनी ओटा आवरायला घेतला, कारण पसारा त्यांना दोन मिनिटंही सहन होत नसे.

बैठकीत पंधरा-वीस बाया जमल्या होत्या. नणंदेची सासू अड्याळहून आली होती. बाई बोलायला गोड, पण मागच्या दोन्ही वेळी काय झालं, कुणी काय खाऊ घातलं होतं, हे ती चारचौघींत विचारून मोकळी व्हायची. आल्या आल्या तिनं मला विचारलं होतं, "सून तूच का? सैपाक तूच केला?" मी हो म्हणाले आणि उगाच पदर सारखा केला.

त्रिशरण, पंचशील झालं. नणंदेला पाटावर बसवलं. मी केकचं भांडं तिच्यासमोर ठेवत होते, तेवढ्यात सासूबाई माझ्या कानाशी वाकल्या.

"अवं, सांगाचं रायलंच. नव्या तांदळाले लावाची बोरिक पावडर उरली होती. थे तुह्या आहेराच्या डब्यात भरून ठेवली मी. तो डबा नोको काढजो."

आमच्याकडे धान भरडून तांदूळ आला की वर्षभर कीड लागू नये म्हणून त्याला बोरिक पावडर चोळून ठेवतात. शिजवण्याआधी तो चार पाण्यांनी धुवायचा, हे प्रत्येक बाईला ठाऊक असतं. ती पावडर पांढरी, मऊ, हुबेहूब पिठीसाखरेसारखी. आणि माझ्या आहेरात आलेले डबे पाच होते, एकाच मापाचे, एकाच घडणीचे. त्यातल्या एकात मी पिठीसाखर दळून ठेवली होती. सकाळी फळीवर हात घातला तेव्हा जो पुढे होता तो काढला होता. तोही सासूबाईंनी ओटा आवरताना पुसून पुन्हा फळीवर बाकीच्यांच्या रांगेत ठेवून दिला होता.

मी चाखलं होतं का? बोट चाटल्याचं आठवत होतं. पण त्या बोटाला आधीच चॉकलेट होतं, ते गोडच लागणार.

"वयनी, दे ना वो," नणंद म्हणाली. "आन हे वरचं, ठिपक्याचं दे मले. थेच पायजे."

माझ्या हातात वाढायचा मोठा चमचा होता. त्याच्या टोकाला ती पांढरी पूड लागलेली होती. नुसती जीभ लावली असती की कळलं असतं. पण डोहाळजेवणात पहिला घास तिचा असतो. तिच्याआधी कुणी तोंड लावायचं नसतं. सगळ्या बाया माझ्याकडे बघत होत्या. अड्याळची विहीण अगदी समोर, मांडी घालून बसलेली. तिच्यापुढे मी वाढायचा चमचा चाटणार? का म्हणून विचारलं तर काय सांगणार? बाई, यात विष आहे की साखर, तेवढं बघून घेते? मनात आलं, भांडंच हातातून सोडून द्यावं. पण अशा दिवशी काच फुटली तर त्याचाही अर्थ काढणार होत्या. पाणी आणते म्हणून आत जावं, तर पाण्याचा तांब्या शेजारीच भरून ठेवलेला.

मी वाढलं.

ठिपक्यांचा तुकडा, मधला, सगळ्यात पांढरा, तिच्या ताटलीत माझ्याच हातानं ठेवला. तिनं खाल्ला. डोळे मिटून खाल्ला. मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले, की आता ती तोंड वाकडं करेल, आता थुंकेल, आणि मला बरं वाटेल. तिनं ताटली पुढे केली आणि म्हणाली, "अजून."

मी दुसऱ्यांदा वाढलं.

मग चमचा घेऊन स्वयंपाकघरात गेले. भिंतीकडे तोंड केलं आणि चमचा चाटला. गोड होता. मी पुन्हा चाटला. फळीवरचे पांढऱ्या पुडीचे दोन्ही डबे काढले, दोन्हींत बोट घातलं. एक गोड. दुसरा कडवट, जिभेला ओढून धरणारा. ते थुंकून मी खळखळून चूळ भरली आणि तिथंच खाली बसले. कुणीतरी बाहेरून हाक मारली तेव्हा मी "आले" म्हणाले, आणि माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

चिमूटभर पावडरीनं तसं काही झालंही नसतं, असं पुढे कुणीतरी मला सांगितलं. असेल. तेव्हा मला ते ठाऊक नव्हतं. मला वाटत होतं की तिचं मूल जाईल, आणि तसं वाटत असताना मी दोनदा वाढलं. बायांनी काय म्हटलं असतं, याची भीती त्या वेळी मोठी ठरली. पुढचे दोन महिने गोंदियाहून फोन वाजला की मी न्हाणीघरात जाऊन बसायची. साखर होती हे माहीत असूनही. साखरेची खात्री होती, स्वतःची राहिली नव्हती.

मुलगी झाली. सुखरूप. आता ती माझ्या खांद्याला लागते.

मागच्या महिन्यात नणंद आणि जावई आले होते. दोघी चहा पीत बसलो असताना तिला ते डोहाळजेवण आठवलं. "वयनी," ती म्हणाली, "त्या दिवशी मले वाढतानी तुहे हात कसे थरथरून रायले होते. मी घरी जाऊन यायले सांगतलं, म्हटलं, माह्या मायपेक्षा वयनीचाच जीव जास्त आहे माह्यावर."

जावई शेजारीच बसले होते. त्यांनी मान हलवली.

मी तिला विचारलं, अजून चहा घेतेस का.