गोदाबाईचा नवा हात

शेंदूरजनाघाटच्या गोदाबाईचा उजवा हात मळणीयंत्रात गेला, पार मनगटाच्या वरपर्यंत. पण झोपेत तो शाबूत असायचा. स्वप्नात ती धुक्यातून संत्र्याच्या बागेत शिरायची, पानांत हात घालायची, अन् सालीचा गारवा बोटांना लागायचा. जाग आली की हाताच्या जागी नुसती उशी. हळूहळू तिनं बागेत जाणंच सोडलं. अपघातापासून नवरा नत्थुजी तिच्या डाव्या बाजूनं चालू लागला.

गावात तपासणीचं शिबिर लागलं, तिथं तिला गीतांजली भेटली. अमरावतीच्या एका कॉलेजात ही मुलगी कृत्रिम हात बनवत होती. त्या हाताची बोटं कशाला टेकली की दंडावर बांधलेला पट्टा थरथरायचा. हलकं धरलं तर हळू, आवळलं तर जोरात.

तो हात गोदाबाईला बसवला, त्या पहिल्याच दिवशी तिनं संत्रं आवळलं अन् रस कोपरापर्यंत ओघळला.

"आवं माय! मेलं बिचारं," गोदाबाई म्हणाली.

"असू द्या काकू. दंडात कसं वाटतंय?"

"मुंग्या चालून राहिल्या."

"त्या मुंग्यांकडे लक्ष ठेवा. वाढल्या की थांबा."

गोदाबाई संत्र्यांवर, वांग्यांवर, भिजल्या कणकेवर हात फिरवत बसू लागली. अन् कधीतरी, तिलाही न कळता, मुंग्या दंडावरून खाली उतरल्या. पट्टा वरच थरथरत होता, हे तिला ठाऊक होतं. पण कळायचं मात्र बोटांत, जिथं बोटंच नव्हती तिथं. एकदा दुपारी तिचा डोळा लागला, तर स्वप्नातल्या संत्र्यानंही तशीच थरथर दिली. मग जागेपणी काय अन् झोपेत काय, तिला वेगळं करता येईना.

थंडीतल्या एका सकाळी ती आपण होऊन बागेत निघाली, नत्थुजीही सोबत. धुकं इतकं दाट, की झाडं पाण्यात उभी असल्यासारखी दिसत होती. नत्थुजीनं पाट ओलांडला अन् सवयीनं तिच्या डाव्या हाताकडे हात केला. गोदाबाईनं उजवा पुढं केला. तो क्षणभर थबकला, मग त्यानं तो धरला.

"गार लागते काय माहा हात?" त्यानं विचारलं.

"गार-गरम नाई समजत याले," ती म्हणाली. "पण तुमी घट्ट धरलं, ते समजलं."

पाट केव्हाच मागं पडला, तरी नत्थुजीनं हात सोडला नाही.

पुढं गीतांजलीनं तिला अकोल्याला नेलं. तिथं संघपाल नावाच्या माणसाला तसाच हात बसवला होता, पण त्याला काही तो जमत नव्हता. दालमिलमध्ये काम करणारा, दोन लेकरांचा बाप. तो हात मांडीवर ठेवून, परक्याचा असल्यासारखा त्याच्याकडे पाहत बसला होता.

"मावशी, हे नुसतं गुरगुरते," तो म्हणाला.

"आण इकडं."

गोदाबाईनं आपल्या नव्या हाताची बोटं त्याच्या नव्या बोटांवर अलगद मिटली. दोघांच्या दंडांत एकदमच थरथर उठली. संघपालनं दचकून वर पाहिलं.

"हे तुमी का मी?"

"माईत नाई बाप्पा," गोदाबाई हसली. "पण सोडू नको."

गीतांजली चहा घेऊन आली तेव्हाही दोघं तसेच बसून होते, डोळे मिटून.