दोन पायऱ्या कुठं गेल्या

भुताच्या घराची आमच्या साडूंइतकी काळजी वाहणारा माणूस बिदरपासून कलबुर्गीपर्यंत दुसरा सापडणार नाही, हे मी कुणापुढंही छातीठोक सांगायला तयार आहे. गंमत म्हणजे भुतांवर त्यांचा काडीचा विश्वास नाही. अमावास्येला ज्या चिंचेखालून जायचं लोक टाळतात, तिथं हे खुशाल डबा उघडून जेवायला बसतात. 'भूतबित काय नस्तंय,' ते म्हणतात, 'पण घर असतंय की. घर नीट असाया पायजे.' घर म्हणजे व्हिडिओ गेममधलं घर. एक जुना गेम आहे, त्याचं इंग्रजी नाव लांबलचक. आमच्याकडं सगळे त्याला भुताचं घर म्हणतात. एका ओसाड बंगल्यात शिरायचं, खोल्याखोल्यांतून किल्ल्या गोळा करायच्या आणि भुतानं गाठायच्या आत माळ्यावरचं शेवटचं दार उघडून सुटायचं, एवढाच खेळ. लोकांनी तो खेळला, कंटाळा आला तसा सोडला. साडू मात्र गेली पंचवीस वर्षं त्यातच राहायला आहेत. तसं त्यांचं खरं घर कडगंचीत आहे, विद्यापीठाकडं जाणाऱ्या रस्त्यावर. पुढं टीव्ही-मोबाइल दुरुस्तीचं दुकान, मागं दोन खोल्या. माझ्या बायकोची थोरली बहीण, म्हणजे अक्का, या माणसाबरोबर तिथं संसार करते आणि अजून शाबूत आहे.

या गेमच्या तीन आवृत्त्या निघाल्या. आवृत्ती हा शब्द माझा; साडू त्यांना पैलं घर, दुसरं घर, तिसरं घर म्हणतात. पैलं घर टीव्हीला जोडायच्या डब्यातलं, काळ्यावर पांढऱ्या रेघा. दुसरं कॉम्प्युटरच्या सीडीवरचं, रंगीत. तिसरं मोबाइलमधलं, त्यात भिंतीवरची पालसुद्धा शेपूट हलवते. तुम्हाआम्हाला वाटेल, चला, सुधारणा झाली. साडूंना तसं वाटत नाही. पैल्या घरात माळ्यावर जायला अकरा पायऱ्या होत्या, दुसऱ्यात नऊच निघाल्या. हे ध्यानात आलं त्या दिवशी ते जेवले नाहीत. अक्कानं विचारलं, पोटात दुखायलंय का, तर म्हणाले, 'दोन पायऱ्या कुठं गेल्या?' बांधणाऱ्यानं सिमेंट खाल्लं असणार, असा त्यांचा संशय आजही कायम आहे. तिसऱ्या घरात तर जिनाच काढून लिफ्ट बसवली. भुतांबद्दलही त्यांची मतं पक्की. पैल्या घरातलं भूत सतरा आकडे मोजले की दारात हजर, एक आकडा इकडं नाही की तिकडं नाही. 'लई इमानदार भूत,' ते सांगतात. 'दुसऱ्यातलं उदगीरच्या गाडीवाणी. कवा येईल नेम न्हाई. आन तिसऱ्यातलं नुसतं दिसायला. केस बघा त्याचे. काम शून्य.' असले फरक त्यांनी एका लांबड्या वहीत लिहून ठेवलेत. मजकूर मराठीत, आकडे कानडीत, आणि फारच चिडले की शेजारी दखनीत शेरा, 'नक्को रे बाबा.' एका खोलीचे सगळे फरक लिहून झाले की 'आयतु' म्हणायचं, म्हणजे कानडीत 'झालं', आणि मगच चहा प्यायचा.

हे वेड दुकानापुरतं राहिलं असतं तर ठीक होतं. पण कुणाचंही नवं घर दिसलं की साडूंचे हात शिवशिवतात. औरादला आमच्या सासुरवाडीकडच्या एकाचा गृहप्रवेश होता. बुद्धवंदना झाली, पाव्हणे जेवायला बसले, आणि साडू कुठं दिसेनात. बघतो तर हे जिन्याच्या वळणावर उभे राहून भिंतीवर बोटानं टकटक करतायत. घरमालकाला बोलावून म्हणाले, 'तुमचा जिना दुसऱ्या घराचा हाय. या वळणावर माणूस अडकतंय, मागनं आलेलं दिसत न्हाई.' घरमालक गोंधळला. 'मागनं कोण यायलंय?' 'कुणी न्हाई,' साडू शांतपणे म्हणाले. 'पण आलं तर.' घरमालकाची म्हातारी आई महिनाभर वरच्या मजल्यावर चढली नाही, आणि आमच्या सासूबाई तेवढेच दिवस थोरल्या जावयाशी बोलल्या नाहीत. शेवटी त्या माणसानं वळणावर एक खिडकी पाडली. उजेड काय झकास येतो, हे आता तोच येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवतो. अक्काची तऱ्हा तर विचारूच नका. एकदा गाडीत शेजारच्या बाईनं मालकांची चौकशी केली. अक्का सहज बोलून गेली, 'काल दिसभर दुसऱ्या घरी होते, आज सकाळधरनं तिसऱ्या घरी हायत.' त्या बाईनं आळंद येईपर्यंत अक्काचा हात सोडला नाही.

साडूसाडूंमध्ये जे असायचं ते आमच्यातही होतं. मी औराद तालुक्यातल्या चिंताकीचा, धंद्यानं शिंपी. सासऱ्यांनी आहेराला दिलेल्या कापडात साडूंचं चांगलं की माझं, हे मी बोट लावून सांगायचो आणि बहुतेक वेळा त्यांचंच चांगलं निघायचं. शिवाय सासुरवाडीत गेलं की एका बाजेवर दोघांना बसवायचे, आणि हे मला पायऱ्या मोजून दाखवायचे. मी झोपेचं सोंग घ्यायचो. सोंग घेतलं तरी ते थांबायचे नाहीत, आवाज तेवढा हळू करायचे. असल्या माणसाच्या घरी मला साडेतीन महिने राहावं लागेल, असं कुणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो.

पण मोटारसायकल घसरली आणि माझं उजवं मनगट मोडलं. पलस्तर निघालं तेव्हा अंगठा हलेना. बाकीची बोटं थोडीफार वाकायची, अंगठा मात्र जागचा हालायचा नाही. कलबुर्गीच्या डॉक्टरांनी मऊ चेंडू दिला, रोज दाबा म्हणाले, दर आठवड्याला दाखवायला या. हात कितपत परत येईल ते आज सांगता येत नाही, असंही म्हणाले. चिंताकीहून दर आठवड्याला कलबुर्गी जमणार नव्हतं, म्हणून अक्कानं मला कडगंचीला ठेवून घेतलं. शिंप्याचा उजवा अंगठा म्हणजे काय, हे शिंप्यालाच विचारावं. कात्री त्याच्यावर चालते. मला दुसरं काही येत नाही. बापानं तेच शिकवलं, मीही तेच धरून बसलो. गावाकडं बायको मशीनवर फॉल-पिको करून घर चालवत होती आणि फोनवर म्हणत होती, काळजी करू नका. त्या 'करू नका'नंच माझा धीर सुटायचा. पंधरा दिवस मी चेंडू दाबला. मग एक दिवस तो कपाटाखाली सारला आणि भिंतीकडं तोंड करून पडून राहिलो.

अक्का समजूत घालायची, शेजारीपाजारी हळहळायचे. साडूंनी यातलं काही केलं नाही. एका सकाळी वही घेऊन माझ्या उशाशी आले आणि म्हणाले, 'साडूभाऊ, माझं एक काम अडलंय. खेळणारा आन लिवणारा एकच असला की फरक निसटतंय. तुमी खेळा, मी लिवतो.' मी म्हणालो, हात बघताय ना माझा. 'बघायलो की. पैल्या घराला एकच बटन लागतंय.' त्यांनी रिमोट पुढं केला. एका डब्याच्या झाकणाचं ताटलीएवढं बटन त्यावर बसवलेलं होतं, अख्ख्या तळव्यानं दाबायचं. मी डावा हात पुढं केला तर म्हणाले, 'डाव्या हाताचं मी वहीत धरणार न्हाई. हे घर उजव्यासाठी बांधलंय.'

मग रोज सकाळी तास, दुपारी तास. मला पहिली खोलीसुद्धा ओलांडता येईना. दाबायला उशीर व्हायचा, सतरा मोजून होताच ते इमानदार भूत दारात यायचं, खेळ खलास. साडू वहीत काहीतरी लिहायचे आणि म्हणायचे, पुन्हा. चौथ्या-पाचव्या दिवशी माझा तोल सुटला. 'माझी जिंदगी वाया जायलीय, आन तुमाला पायऱ्या मोजायच्यात?' मी ओरडलो, रिमोट भिरकावला. अक्का स्वयंपाकघरातून धावत आली. साडूंनी रिमोट उचलला, फुंकर मारून पुसला, कानाजवळ हलवून बघितला. 'जिंदगीचं बघू आपण,' म्हणाले, 'आधी सैपाकघराचं दार उघडा. तितं चुलीच्या डाव्या अंगाला काय हाय, ते दोन वर्षं झाली लिवायचं राहिलंय.' या माणसावर रागावून काही उपयोग नसतो, हे मला तेव्हा कळलं.

स्वयंपाकघराचं दार मी आठव्या दिवशी उघडलं. चुलीच्या डाव्या अंगाला काहीच नव्हतं. साडूंनी 'काही नाही' असं लिहिलं, 'आयतु' म्हणाले आणि दोघांसाठी चहा मागवला. पुढं पुढं मी त्या घराच्या नादाला लागलो. डोळे मिटले तरी खोल्या दिसायच्या. पण बटन एखाद्या दिवशी जड लागायचं. मी तक्रार केली की म्हणायचे, हवा सर्द आहे. पैलं घर सुटल्यावर दुसरं काढलं. त्यात एकेका बोटाला एकेक कळ, चारही बोटं कामाला लागली. तिसरं घर मोबाइलवर, त्यात सगळं अंगठ्यानं सरकवायचं. तिथं मी तीन आठवडे लिफ्टच्या दारातच अडकलो होतो. आणि एका दुपारी अंगठा सरकला. फार नाही, गव्हाच्या दाण्याएवढा. लिफ्टचं दार उघडलं. मी साडूंकडं बघितलं, तर ते चष्मा काढून पुसत होते आणि लिहायचं विसरले होते.

खरी गोष्ट मला अक्काकडून कळली. निघायच्या आदल्या दिवशी ती झाडलोट करताना पुटपुटत होती, 'गिऱ्हाइकं पेनं इसरून गेली की हे त्यातल्या स्प्रिंगा काढून ठेवायलेत. तुमच्या त्या बटनात दर आठ दिवसाला एक वाढवायचे. पैलं हलकी, मग जड, मग आनखी जड. डाक्टरला फोन करून इचारायचे बी.' मी तसाच दुकानात गेलो. साडू एका टीव्हीत डोकं घालून बसले होते. मी म्हणालो, 'मला सांगितलं कामून न्हाई?' त्यांनी डोकं बाहेर काढलं नाही. 'सांगितलं असतं तर तो व्यायाम झाला असता. व्यायाम तुमी करत न्हाई. चेंडू कपाटाखाली बघितलाव मी.' जरा थांबून म्हणाले, 'आन पायऱ्यांचं काम बी झालं की. त्यात काय खोटं न्हवतं.' मी बाजूला झालो, त्यांना सोल्डरिंग करायचं होतं.

चिंताकीला आल्यावर पहिलं कापड कापलं तेव्हा बायको समोर उभी होती. कात्री शेवटपर्यंत सरळ गेली. आम्ही दोघंही रडलो, त्यात लपवण्यासारखं काही नाही. आज माझं दुकान चालतंय, पोरीच्या कॉलेजचा खर्च निघतोय, तो या माणसाच्या जिवावर. डॉक्टरांचे उपकार आहेतच. पण मी भिंतीकडं तोंड करून पडलो होतो, तिथून मला या माणसानं उठवलं, आणि त्याबद्दल एक अक्षरही स्वतःच्या तोंडून काढलं नाही.

आणि मी काय केलं? हात बरा झाला आणि कडगंची लांब पडली. साडूंचा फोन यायचा, 'पैल्या घराच्या तुळया मोजायच्या राहिल्यात, कवा यायलाव?' मी म्हणायचो, लग्नसराई आहे. लग्नसराई सरली की शाळेचे गणवेश, गणवेश झाले की दिवाळी. शिंप्याला निमित्तांचा तोटा नसतो. पुढं फोन कमी झाले. ते कमी झाले हेही मला उशिरा कळलं, याची आज लाज वाटते.

परवा अक्काचा फोन आला. म्हणाली, त्या गेमचं चौथं घर निघालंय, पंधरा दिवस झाले, पण हे खेळीनात; नुसते उघडून बघतेत आन ठेवून देतेत. मला नवल वाटलं. मी साडूंना फोन द्यायला सांगितलं आणि विचारलं, 'चौथ्या घरात फरक काय हाय?'

'एकच लिवलाव अजून,' ते म्हणाले. 'दार एकट्याला उघडत न्हाई. शेजारी बसून दोघांनी संगंच दाबावं लागतंय.'

'मग घ्या की कुणाला तरी. विद्यापीठाची एवढी पोरं येतेत दुकानात.'

'म्हणलेत ती. मीच नगं म्हणलं.'

'कामून?'

ते नेहमीच्या शांत आवाजात म्हणाले, 'तुमची लग्नसराई सरू द्या म्हणलं.'

मशीनवर एका नवरदेवाचा कोट अर्धा होता. साडूला तोंडानं आभार मानायची आमच्यात पद्धत नाही, आणि मानले असते तरी त्यांनी ते ऐकून घेतले नसते. मी नवरदेवाच्या बापाला फोन करून दोन दिवस मागून घेतले, मशीनवर कापड टाकलं, बायकोला पिशवी भरायला सांगितली आणि मिळाली त्या गाडीनं कडगंचीला निघालो.