पाईप नसलेला हीटर

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नाही. आमच्या सोसायटीत अमावस्येला दारावरून लिंबू ओवाळून टाकणाऱ्या बायका आहेत ना, त्यांची टिंगल करणारी ती मीच. इथे लोकांचे अनुभव येतात... कुणाला पैंजण ऐकू येतात, कुणाला पांढरी साडी दिसते... मी वाचते आणि हसते. माझ्या अनुभवात तसलं काहीच नाही. माझ्या अनुभवात रबराचे पाईप आहेत. आणि माझा सख्खा मोठा भाऊ आहे, ज्याच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही. तो लिहिण्यात दिसला तर दिसू दे.

गोष्ट नव्वदच्या दशकाच्या शेवटाकडची. माझं माहेर नेरुळचं, आणि लग्न होऊन मी कळंबोलीला. वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. मूळचे वाईजवळच्या एका गावचे, सगळी हयात कांदा-बटाटा मार्केटातल्या एका गाळ्यावर गेली. त्यांच्या शेठचा पाचगणीला बंगला होता. तिथली जुनी फियाट शेठने विकायला काढली, ती अण्णांनी घेतली. थंड हवेतली गाडी म्हणून तिला हीटर होता. नेरुळमध्ये हीटर! लोक हसायचे, पण अण्णांना त्याचं भारी कौतुक. याच गाडीवर त्यांनी मला ड्रायव्हिंग शिकवलं, खारघरच्या बाजूला. तेव्हा तिथे नुसते आखलेले रस्ते आणि गवत होतं.

दर भाऊबीजेला अण्णा या गाडीने आत्याकडे गावी जायचे. आत्या त्यांच्याहून मोठी, नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही. तिला अण्णा सोडून कुणी नव्हतं. फाट्यापासून अण्णा हॉर्न वाजवत गावात शिरायचे आणि म्हातारी ओवाळणीचं ताट घेऊन दारात उभी असायची. हे कधी म्हणजे कधीच चुकलं नाही, ते शेवटच्या वर्षी चुकलं.

त्या वर्षी अण्णा आजारी होते. अंगात रक्त राहिलं नव्हतं आणि सारखी थंडी वाजायची. ऑक्टोबरच्या उकाड्यात माणूस स्वेटर आणि कानटोपी घालून बसलेला. जवळच्या दवाखान्यात नेताना दादा त्यांना पुढे डाव्या सीटवर बसवायचा आणि अण्णा आधी हीटरचा खटका ओढून पाय तिथे धरायचे. पण इंजिनाला पाणी नेणारे गाडीचे रबरी पाईप चिरले होते. जरा लांब नेली की पाणी गळून रेडिएटर उकळायचा. घाट तर सोडाच, पनवेलही गाठलं नसतं. आणि एसटीचे धक्के सोसायची अण्णांच्यात ताकद नव्हती.

गाडीची किल्ली दादाकडे. दसऱ्यापासून त्याचं एकच पालुपद — "अण्णा, जुनं मॉडेल आहे, पाईप मिळत नाहीत. मागवलेत. आले की टाकू."

मी फोन केला की म्हणायचा, "शुभे, तुला काय कळतं गाडीतलं? टेन्शन नको घेऊ, मी बघतोय ना."

बघतच राहिला. भाऊबीजेच्या दिवशी अण्णा सकाळीच कपडे करून बाल्कनीत बसले होते. खाली गाडी उभी दिसत होती. दुपारी त्यांनी स्वतःच कपडे बदलले. थंडी सरायच्या आत ते गेले.

पुढची दिवाळी आली. वर्ष व्हायचं होतं म्हणून घरात सण नव्हता. दादाने गाडी विकायची ठरवली होती. गिऱ्हाईक म्हणालं, आधी गळती काढून द्या. आणि त्याच सुमारास आत्याचा निरोप आला. "भाऊ न्हाई तर न्हाई. त्याची गाडी तरी एकदा दारात येऊ द्या. हारन ऐकू द्या मला." मी हट्टाला पेटले. म्हटलं, भाऊबीजेला गाडी आत्याच्या दारात जाणार, मग ती कुणालाही विक. दादा तयार झाला, पण स्वतः बरोबर येतो म्हणाला. का? तर गिऱ्हाईक ठरलंय, वाटेत ओरखडा नको पडायला!

आदल्या दिवशी गाडी रबाळ्याला जनार्दन मेस्त्रींकडे नेली. तिथलेच आगरी, बोलायला मोकळे. मी त्यांना विचारलं, "पाईप कुठून मागवलेत हो?"

"मागवाचं काय त्यात ताई? ह्यो काय खिल्याव टांगलाय. कवा पन या, मिलतो."

मी दादाकडे पाहिलं. तो पेपर वाचत होता, म्हणजे तोंडासमोर धरून बसला होता. मला तेव्हा काय वाटलं ते इथे छापण्यासारखं नाही.

मेस्त्रींनी खालून पाणी सोडलं, चहासारखं लाल गंजकं. चिकटून बसलेले जुने पाईप पात्याने चिरून काढले. रेडिएटरचा वरचा आणि खालचा नवा घातला, क्लिपा आवळल्या. राहिले हीटरचे दोन. इंजिनाचं गरम पाणी एकातून गाडीच्या आतल्या हीटरमध्ये जातं, दुसऱ्यातून परत येतं.

"ते दोन टाकू ना?"

"नको," दादा म्हणाला. "मुंबईत हीटर कोण लावतो? लूप मारा."

आमच्याकडे सर्रास असंच करतात. इंजिनाच्या बाजूची दोन तोंडं एका वाकड्या पाईपने एकमेकांना जोडायची की झालं, पाणी हीटरकडे जातच नाही. हीटरच्या उघड्या नळ्यांत मेस्त्रींनी चिंध्या कोंबल्या. आतला पंखा तर एव्हाना जळालेलाच होता, त्याची वायरही त्यांनी काढून टाकली. वर हिरवं कूलंट ओतलं आणि झाकण लावलं. जेवायच्या सुट्टीआधी काम संपलंसुद्धा.

भाऊबीजेला सकाळी निघालो. गाडी रात्रभर नेरुळला उघड्यावर उभी होती. मी स्टिअरिंगवर बसले, दादा डावीकडे. मी अजून किल्लीही फिरवली नव्हती.

"शुभे, हीटर लावलास काय?"

"कुठला हीटर?"

"अगं, पायाला गरम लागतंय. बंद कर ना!"

मी वाकून हात लावला. मऊ गरम हवा येत होती, अगदी पंखा चालू असल्यासारखी. माझ्या बाजूला काही नाही, फक्त त्याच्या पायांशी. उतरून बॉनेट उघडलं. इंजिन थंडगार होतं, बॉनेटवर दव होतं. दोन्ही नळ्यांत चिंध्या जशाच्या तशा.

"इंजिनची गरमी असेल," दादा म्हणाला.

"इंजिन चालू कुठे केलंय मी अजून?"

तो उतरला आणि मागच्या सीटवर जाऊन बसला.

मग सबंध रस्ता ती डावी सीट रिकामी होती आणि तिच्या पायांशी गरम हवा चालू होती. खंडाळ्याच्या घाटात तापमानाचा काटा जागचा हलला नाही, गाडी उकळली नाही. गिअर टाकताना माझ्या डाव्या हाताला ऊब लागायची. मला भीती वाटली नाही. खरं सांगते, एकदाही नाही. मला रडू येत होतं, आणि आरशात मागे दादा दिसला की संताप येत होता. तो खिडकीबाहेर बघत होता.

फाट्यावरून मी हॉर्न वाजवत गावात शिरले. आत्या ताट घेऊन दारात उभी. आम्ही उतरलो, पण आत्या आमच्याकडे आलीच नाही. गाडीला वळसा घालून डाव्या बाजूला गेली, दार उघडलं आणि सीटवर तळवा टेकला.

"कोण उठलं गं हितनं? सीट ऊन हाय."

"कुणी नाही आत्या," दादा म्हणाला. "मी तर मागे बसलो होतो."

आत्याने सीटच्या पाठीला कुंकू लावलं, अक्षता टाकल्या आणि रिकाम्या सीटला ओवाळलं. मग ताट ओट्यावर ठेवून म्हणाली, "गाडीचं लई मोठं काम निगालं हुतं का गं?"

"नाही आत्या. दोन पाईप बदलले. जेवायच्या आत झालं."

"जेवायच्या आत..." म्हातारी दादाकडे वळली. "बैल गेला न् झोपा केला, व्हय रं?"

दादाने मान खाली घातली, ती आम्ही निघेपर्यंत वर केली नाही.

गाडी महिन्याभरात विकली गेली. पुढे मी मेस्त्रींना गाठून विचारलं, तर ते म्हणाले, "तिथं पानीच नाय जात ताई, तर गरम कसा व्हईल?" दादा विषय निघाला की उठून जातो. मला स्वतःला आजही काही सांगता येत नाही, आणि देव-भुताचं नाव घ्यायला जीभ रेटत नाही. फक्त परतीचं तेवढं लिहिते.

निघताना मी सीटला हात लावून पाहिला, ती गार पडली होती. दादा पुढे येऊन बसला. खंबाटकीच्या घाटात संध्याकाळचं वारं बोचायला लागलं. इंजिन चांगलं तापलेलं होतं, पण पायांशी आता काहीच येत नव्हतं. दादा अर्ध्या बाह्यांच्या शर्टात, हात चोळत होता. थोड्या वेळाने त्याने हात पुढे केला आणि हीटरचा खटका ओढला. पाय तिथे धरून वाट बघत बसला.

"पाईप नाहीत ना, दादा," मी म्हणाले.

त्याने खटका परत आत ढकलला.