खरवडलेली आधी

भट्टीमामाला सगळी गल्ली मामा म्हणे, सख्खा भाचा एकही नसताना. उभी हयात त्याने सराफाच्या मागच्या खोलीत चांदी आटवली. आता भट्टी बंद, मालक वर गेलेला, आणि मामाच्या दारात नाणी जमवणाऱ्या हौशी लोकांची ये-जा. सगळ्यांना एकच हवं: गलबताचं नाणं, म्हणजे ज्यावर गलबताचं चित्र आहे ते चांदीचं नाणं.

आणि गंमत बघा, हे नाणं एके काळी पोत्यांनी होतं. जी नाणी मुळातच कमी होती, ती लोकांनी कपाटात जपली, म्हणून वाचली. गलबताचं काय, उदंड पडलंय, म्हणून कुणी जपलंच नाही. चांदीचा भाव नाण्यावरच्या आकड्याच्या वर चढला, तशी लोकांनी डबे, उशा, पेट्या झटकून ती सराफाकडे आणून ओतली. जो तो समजला, आपण विकलं तरी शेजाऱ्याकडे असेलच. शेजारीही तेच समजला. शहाणे मेले!

मामाची झोप उडाली होती ती वेगळ्याच कारणाने. काही नाण्यांवर खिळ्याने खरवडलेलं असे. कुणाचं नाव, कुणाचा निरोप. अशी ओळखू येणारी वस्तू उद्या कुणी परत मागायला आलं तर? म्हणून मालकाचा दंडकच होता, खरवडलेली आधी मुशीत टाकून वितळवायची. ती निवडायचं काम मामाचं. आता डोळे मिटले की ती अक्षरं एकेक करून समोर यायची. बायको म्हणायची, "झपाटलंय तुम्हाला." तो हसण्यावारी न्यायचा, पण अंगावर काटा यायचा खरा.

एका दुपारी एक म्हातारी बाई आली. तिचा भाऊ बोटीवर कामाला जाताना तिला गलबताचं नाणं देऊन गेला होता. बोट परतलीच नाही. पुढे चांदी महागली आणि नवऱ्याने तिला न विचारता ते मामाच्याच सराफाला विकून टाकलं.

"विकत नकोय मला," ती म्हणाली. "नुसतं बघायचंय. त्याच्या हातचं दुसरं काही नाही माझ्याकडे."

"काय खरवडलं होतं?"

"ताईला."

मामाला ती अक्षरं आठवत होती. नाही म्हणून तिला वाटेला लावता आलं असतं. पण ती उठायला लागली आणि त्याला राहवलं नाही. त्याने खिळा घेतला आणि बाकाच्या फळीवर अक्षरं कोरली. तिरपी, शेवटचं कडेवरून घसरलेलं.

बाईने त्यावरून बोट फिरवलं. "हेच. त्याचंच अक्षर," ती म्हणाली आणि रडू लागली. मामाला वाटलं, सुटलो बाबा एकदाचा.

मग तिने मान वर केली.

"म्हणजे तुम्ही वाचलं होतंत?"

"हो."

"आणि वाचूनही मुशीत टाकलंत?"

मामाने खिळा खाली ठेवला.

"वाचल्याशिवाय वेगळी कशी काढणार?"