न गळणाऱ्या टबातला गवती चहा

नागपुरातल्या डासांवर आजवर कोणी निरपेक्ष प्रेम केलं असेल, तर ते माझ्या साडूंनी. त्यांना स्वतःला हे मुळीच मान्य नाही. आपण प्रताप नगरातल्या डासांचे सर्वांत मोठे शत्रू आहोत, अशी त्यांची प्रामाणिक समजूत आहे. पण शत्रूच्या राहण्याची, खाण्यापिण्याची आणि बाळंतपणाची इतकी चोख व्यवस्था ठेवणारा दुसरा शत्रू मी पाहिलेला नाही.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. वीज खात्यात आयुष्य घालवून निवृत्त झाले. निवृत्तीनंतर कोणी देवाकडे वळतं, कोणी शेअर बाजाराकडे. साडू दोन वर्षं नुसतेच वर्तमानपत्राकडे वळलेले होते. मग त्यांना नात झाली आणि घरावर वनस्पतिशास्त्र कोसळलं. त्याचं असं झालं की, लेक असते हैदराबादला. ती बाळाला घेऊन पहिल्यांदाच नागपूरला यायची होती. महालक्ष्म्या सासरी, म्हणजे नागपुरातच सदरला, आणि त्यानंतरचे पंधरा दिवस माहेरी, असा बेत होता. पण तिने फोनवर बापाला दोन अटी घातल्या. घरात अगरबत्ती, कॉइल, ते भिंतीत खोचायचं मशीन, यातलं काही लावायचं नाही, बाळाच्या नाकात तो वास जायला नको. आणि घरात डास नकोत. हे जमत नसेल तर ती पंधराही दिवस सदरलाच राहणार होती. तिथे व्याह्यांचा सातव्या मजल्यावर फ्लॅट आहे, खिडक्यांना जाळ्या आहेत आणि व्याह्यांनी बाळासाठी नवा एसी बसवल्याचे फोटोही पाठवले होते. ते फोटो साडूंना फार लागले. नातीचे पंधरा दिवस एका एसीपायी हातचे जाणार, या विचाराने त्यांची झोप उडाली. ती उडवण्यात डासांचाही वाटा होता, पण तो त्यांनी मान्य केला नाही.

मोबाइलवर काय काय वाचून त्यांनी ठरवलं की डासांना सुगंध सोसत नाही. मग अंगणात गवती चहा आला, सिट्रोनेला आला, पानओवा, पुदिना, झेंडू, निरगुडी, चार प्रकारची तुळस असा सगळा परिवार आला. एवढ्यांना कुंड्या कुठून आणायच्या? इथे साडूंचा मोठेपणा कामी आला. नागपुरात कूलर हा घरातलाच माणूस असतो. मार्च आला की त्याला माळ्यावरून उतरवायचं, वाळ्याच्या ताट्या बदलायच्या आणि त्याच्या लोखंडी टबाला आतून डांबर फासायचं, म्हणजे उन्हाळाभर पाणी गळत नाही. हे डांबर फासावं तर साडूंनीच. इतरांच्या टबाखाली एप्रिलपासून घमेली ठेवलेली असतात, साडूंच्या टबाखालची फरशी मात्र जूनपर्यंत कोरडी ठणठणीत. गल्लीतले लोक त्यांना आपले टब दाखवायला आणतात आणि साडू वैद्याने नाडी पाहावी तसे टबाच्या कोपऱ्यात बोट फिरवून निदान सांगतात. त्यांचे स्वतःचे जुने कूलर पत्रा सडून गेले, पण टब त्यांनी टाकले नाहीत. इतकं चांगलं डांबर टाकवत नाही म्हणाले. त्याच टबांत माती भरून त्यांनी आपलं सुगंधी सैन्य उभं केलं. पावसाळा लागला होताच. महिन्याभरात गवती चहा असा माजला की फाटकातून त्यांच्या घराचं दार दिसेनासं झालं.

झाड नुसतं लावून भागत नाही, हे त्यांना लवकरच कळलं. याचा त्रास पाहुण्यांना झाला. "पान चुरगळा लागते, साडभाऊ. चुरगळल्याशिवाय वास कसा निघंन?" असं मला समजावून ते फाटकातच येणाऱ्याचे हात धरत आणि मनगटापासून कोपरापर्यंत सिट्रोनेला चोळत. एक गृहस्थ मुलाच्या लग्नाची पत्रिका द्यायला आले होते. पत्रिका साडूंच्या हातात जायच्या आधीच त्यांच्या दोन्ही घोट्यांना पानओवा लागलेला होता. ते गृहस्थ पुढे लग्नात भेटले तेव्हा साडूंना पाहून मांडवाच्या दुसऱ्या टोकाला गेले. माझ्या एका पांढऱ्या शर्टाची बाही त्या वर्षापासून कायमची हिरवी आहे. बायको म्हणते, तो रंग तुम्हाला शोभतो.

मग बाहेरून चोळलेलं पुरत नाही, आतूनही भिनायला हवं, असा शोध लागला. गवती चहा चहात असतो तोवर कोणाची तक्रार नसते. तो पोह्यांवर ओतायच्या तर्रीत आला, तेव्हा माझ्या मेहुणीने, म्हणजे ताईंनी, स्वयंपाकघराला आतून कडी लावायला सुरुवात केली. शिवाय रोज दिवेलागणीला कडुनिंबाच्या पाल्याची धुरी. त्या धुरात आम्ही सगळे डोळे पुसत अंगणात यायचो आणि डासही आमच्यासोबत यायचे. धूर ओसरला की आम्ही आत जायचो, तेही यायचे. एकदा सिट्रोनेलाच्याच पानावर एक डास आरामात बसलेला मी त्यांना दाखवला. चांगला धष्टपुष्ट होता, मागचे पाय वर करून बसला होता. साडूंनी चष्मा वर करून त्याला नीट पाहिलं आणि हलक्या आवाजात म्हणाले, "बेहोश होऊन राहिला तो." तेवढ्यात तो बेहोश डास उठला आणि त्यांच्याच कानाच्या पाळीवर जाऊन बसला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सगळं नागपूर मिरवणुकीतल्या मारबतीच्या पुतळ्याला ओरडून सांगतं की रोगराई ने, खोकला ने, मच्छर ने. त्या वर्षी साडू ओरडले नाहीत. त्यांच्या अंगणातले मच्छर नेण्याचा मान त्यांना मारबतीला द्यायचा नव्हता.

महालक्ष्म्या चारपाच दिवसांवर आल्या तेव्हा त्यांनी लेकीला व्हिडिओ कॉल लावला. आम्हा नवराबायकोला मुद्दाम साक्षीला बोलावलं होतं. बाळाला पाहून घेतल्यावर त्यांनी मोबाइल अंगणात नेला आणि एकेका टबासमोर उभं राहून तिथल्या वनस्पतीचं गुणवर्णन सुरू केलं. मधूनच ते तिला मोबाइल नाकाजवळ धर म्हणायचे, आणि ताई कपाळाला हात लावायच्या. शेवटी गवती चहाचा बुंधा किती जोमदार झालाय ते दाखवायला त्यांनी पानं बाजूला केली आणि मोबाइल पार आत घातला. 

"बाबा," लेक म्हणाली, "त्या पाण्यात ते काय वळवळून राहिलं?"

"कुठचं पाणी?" साडू म्हणाले.

मग आम्ही सगळ्यांनीच वाकून पाहिलं. डांबर अर्थातच उत्तम होतं. दोन महिने पडलेल्या पावसातला एक थेंबही त्याने बाहेर जाऊ दिलेला नव्हता. मातीवर चांगलं चार बोटं पाणी साचलं होतं, त्यावर गवती चहाची दाट सावली होती, आणि त्या थंडगार सुवासिक पाण्यात डासांची पिल्लं शाळा सुटल्यासारखी वरखाली करत होती. एका टबात नाही, सगळ्या टबांत. लेक रागावली असती तर बरं झालं असतं. ती अगदी मऊ आवाजात म्हणाली की मग ती सदरलाच राहील, बाबांनी वाईट वाटून घेऊ नये, ते रोज संध्याकाळी बाळाला भेटायला तिकडे येऊ शकतात. साडूंनी बरं म्हणून फोन ठेवला.

मी आयुष्यात त्यांची थट्टा करायची एकही संधी सोडलेली नाही. त्या दिवशी माझ्या जिभेवर निदान सहा वाक्यं तयार होती. पण ते ओसरीच्या पायरीवर असे बसले होते की मला एकही बोलवेना. रोज संध्याकाळी नातीला भेटायला व्याह्यांच्या दारात बेल वाजवून उभं राहायचं, हे त्यांना डोळ्यांसमोर दिसत असावं. ताई आतून हातोडी आणि एक मोठा खिळा घेऊन आल्या आणि दोन्ही त्यांच्या पुढ्यात ठेवलं.

"भोकं पाडा आता त्या टबायले."

"इतक्या वर्षांत थेंब गळू देला नाही वं मी," साडू म्हणाले.

"म्हणूनच म्हणते, पाडा."

मी हातोडीला हात घातला, तर त्यांनी ती दिली नाही. स्वतःच उठले, पहिल्या टबाशी उकिडवे बसले, खिळा कुठे लावावा ते बोटाने चाचपलं, आणि ठोकलं. काळं पाणी भसकन पायांवर आलं. मग दुसरा टब, मग तिसरा.  अंगणभर गवती चहाचा वास सुटला होता, आणि खरं सांगायचं तर फार सुंदर वास होता तो. दुसऱ्या दिवशी मला घेऊन ते महालातल्या बाजारात गेले आणि मच्छरदाणी आणली. आजवर ते मच्छरदाणीला पिंजरा म्हणत आलेले. दुकानदाराने दाखवलेल्या प्रत्येक मच्छरदाणीच्या आत त्यांनी स्वतः डोकं घालून भोक कुठे आहे का ते पाहिलं, आणि दुकानात गर्दी जमवली. मग लेकीला फोन करून त्यांनी पाणी गेलेले टब दाखवले, भोकं दाखवली, मच्छरदाणी दाखवली. वनस्पतींचं नावही काढलं नाही. लेकीने चार दिवस येऊन बघते म्हणून सांगितलं.

ती आली, त्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी गेलो. ताई आणि लेक बाजारात गेल्या होत्या. खोलीत मच्छरदाणीत बाळ झोपलं होतं आणि तिच्याबाहेर खुर्ची टाकून साडू बसले होते. आपल्या टबांतलं पाणी गेलं म्हणून गल्लीतल्या बाकी डासांनी घर सोडलेलं नव्हतं. साडू बंडीवर होते, दंड उघडे. दोन्ही हातांवर डास बसलेले मला दारातून दिसत होते, आणि हा माणूस हलत नव्हता. मी जवळ जाऊन त्यांच्या दंडावर चापट मारायला हात उचलला, तसा त्यांनी तो वरच्यावर धरला. आवाजाने पोरगी उठेल, असं त्यांनी डोळ्यांनीच सांगितलं. मी कुजबुजत म्हणालो, अहो, निदान शर्ट तरी घाला, फोडून खातायत तुम्हाला.

"चावू द्या ना, साडभाऊ," ते म्हणाले. "त्यायचं पोट इथंच भरलं, तं तिकडे कायले जातीन?"

हे शास्त्र त्यांनी कुठल्या मोबाइलवर वाचलं, ते मी विचारलं नाही. मला त्या माणसाचा एकाएकी फार लोभ वाटला. मी शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि शेजारची खुर्ची आवाज न करता ओढून बसलो.