चाकणच्या गोधडी मेळाव्यात शोभाताईंच्या गोधडीला कुणी नावंच ठेवेना

जायचा हट्ट शोभाताईंचा. मला विचाराल तर उपासाच्या गुरुवारी, नाशिक हायवेच्या ट्रॅफिकमध्ये, गोधड्यांची गाठोडी सांभाळत चाकणला जायची मला काडीची हौस नव्हती. पण आमच्या महिला ग्रुपवर निमंत्रण आलं होतं. शिवून झालेली गोधडी आणा, सगळ्यांसमोर अंथरा, एकमेकींच्या कामावर मोकळं मत द्या. खाली ठळक अक्षरांत लिहिलेलं, "गोड बोलायला येऊ नका, खरं बोलायला या."

ते वाचून शोभाताई थेट खाली आमच्या दारात. "मंगल, मला हितं जायचंय. मला कुनीतरी खरं सांगाया पाहिजे."

शोभाताई संत तुकाराम नगरात आमच्याच बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर राहतात. माहेर मावळातलं, बोली अजून तीच. त्यांचे यजमान आकुर्डीला कंपनीत पेंट शॉपला होते. ते गेल्यावर कपाटात राहिले ते त्यांचे युनिफॉर्म, निळे शर्ट आणि जाडजूड करड्या पँटी. भांडीवालीला द्यायचे नाहीत, कुणाला घालायला द्यायचे नाहीत. शेवटी त्यांनी ठरवलं, दोन मुलांना दोन गोधड्या. थोरल्याची शिवून झाली होती, अजून त्याच्याकडे पाठवायची होती. धाकट्याची बाकी. उरलेल्या कपड्यात जेमतेम एकच होणार, आणि कात्री एकदा चालली की चालली. पहिलीत काय चुकलं ते कळल्याशिवाय दुसरीला हात लावायचा नाही, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप.

सकाळी देवपूजा उरकली, दत्ताला हार घातला आणि निघालो. जाणाऱ्यांसाठी सांगते, भोसरीपर्यंत रिक्षा करू नका, बस मिळते. भोसरीहून चाकणची बस. गुरुवारी बऱ्याच कंपन्यांना सुट्टी, त्यामुळे शिफ्टच्या गाड्या कमी असतील असा माझा हिशोब होता. तो मोशीपाशीच चुकला. कंटेनरला कसली आलीय सुट्टी! पुढे कंटेनर, मागे कंटेनर, मध्ये आमची बस. कंडक्टरने आमची गाठोडी पाहिली आणि म्हणाला, "मावशी, अंथरूण आणलंय ते बरं केलंत. चाकण यायला आज रात्र होईल."

"मग तुलाबी जागा करू का बाजूला?" शोभाताई म्हणाल्या. अख्खी बस हसली.

चाकण चौकातून पुढे तळेगाव रस्त्यावर नव्या सोसायट्या झाल्यात, त्यातल्या एकीच्या हॉलमध्ये मेळावा होता. चौकात रिक्षावाल्याने दीडशे सांगितले. मी सरळ चालायला लागले. मागून ओरडला, "बसा आजी, ऐंशी द्या." आजी म्हटल्याबद्दल मी सत्तर दिले.

हॉल स्वच्छ, संडास स्वच्छ, प्यायला फिल्टरचं पाणी. प्रवेश शंभर रुपये, त्यात पोहे-चहा. मला उपास, म्हणून माझे पोहे शोभाताईंच्या ताटलीत. केळी आणि शेंगदाण्याचे लाडू मी घरूनच नेले होते. उपास असेल तर तुम्हीही न्या, तिथे उपासाचं काही नसतं.

चटया घातलेल्या, तीस-चाळीस बायका असतील. मेळावा भरवणाऱ्या वर्षाताईंनी पद्धत सांगितली. एकेकीने गोधडी मध्ये अंथरायची, बाकीच्यांनी भोवती बसून हात लावून बघायचं आणि बोलायचं. माझ्या माहेरी बार्शीकडे हेच व्हायचं. नवी गोधडी अंगणात पडली की आळीतल्या बायका येऊन टाक्यांवरून बोटं फिरवायच्या आणि प्रत्येकीने एक तरी खोट काढल्याशिवाय शिवणारीने गोधडीची घडी घालायची नाही. तेव्हा मला वाटलं, चला, योग्य ठिकाणी आलो.

माझी गोधडी तिसरी. राजगुरुनगरच्या कमलमावशी, शाळेतून निवृत्त झालेल्या, चष्मा पुढे ओढून सरसावल्या. "लाल चौकोन सगळे एकाच अंगाला गेलेत. उरलेलं कापड उरकलंत, होय ना?"

होतं तसंच.

दुसरी म्हणाली, टाके कडेला बारीक आणि मध्ये ढोबळ झालेत. तिसरीने गोधडी उलटी केली आणि अस्तराला पडलेली चुणी बोटाने दाखवली. मला झोंबलं, खोटं कशाला बोलू. पण प्रत्येक गोष्ट खरी होती. पुढच्या वेळी काय करायचं ते कळलं. शंभर रुपये तिथेच वसूल झाले.

मग शोभाताईंची. त्यांनी गोधडी अंथरली. मध्ये युनिफॉर्मचा मोठा चौकोन, भोवती जुन्या मऊ साड्यांच्या पट्ट्या, आणि बरोब्बर मधोमध शर्टाचा खिसा जसाच्या तसा, पेनाच्या शाईच्या डागासकट. कुणाचे कपडे हे कुणीतरी विचारलं. शोभाताईंनी सांगितलं, आणि धाकट्याची कशी कापू हेही विचारलं.

झालं. एकीने पदर डोळ्याला लावला. "काय बोलायचं हो यावर!" ती म्हणाली. वर्षाताई म्हणाल्या, "ही गोधडी नाहीच, ही माया आहे." टाळ्या. दोघी-तिघींनी मोबाईल काढून फोटो घेतले. एका तरुण मुलीने तर "काकू, खिशावर हात ठेवून इकडे बघा ना," म्हणून व्हिडिओ काढला. पुढची गोधडी आली. संपलं.

कुणी हात लावला नाही, कुणी उलटून पाहिली नाही. माझ्या चुणीत बोट घालणारी ती बाईसुद्धा नुसती मान हलवत बसली!

शोभाताईंनी घडी घातली आणि भिंतीशी येऊन बसल्या. तोंड एवढंसं. मला वाटलं, यजमानांची आठवण झाली असेल. मी पाठीवर हात ठेवला तर त्यांनी तो झटकला.

"तुझ्या गोधडीत तीन चुका काढल्या. माझ्यात एक न्हाई. म्हंजी माझी कुनी बघितलीच न्हाई."

"अहो, त्यांना वाईट वाटलं..."

"वाईट वाटाया माझ्या घरी काय कमी मानसं येऊन गेली? मी हितं कीव गोळा कराया आले व्हय? धाकट्याची कशी कापू त्ये सांगा म्हनलं तर टाळ्या वाजिवत्यात!"

माझं डोकंच फिरलं. विधवा बाई दिसली की तिचं काम दिसेनासं होतं, हा कुठला न्याय? सधवेच्या टाक्यांना नावं ठेवायची आणि विधवेला टाळ्या देऊन घरी पाठवायचं? बस बदलून, ट्रॅफिकमध्ये तासन् तास बसून ही बाई खरं ऐकायला आली आणि तुम्ही तिच्या हातात काय ठेवलंत, तर डोळे पुसायला रुमाल! मी शिकलेली दहावीपर्यंत. सभेत बोलायची सवय नाही. पण उठले. पुढच्या बाईची गोधडी मध्ये होती, तिची माफी मागितली आणि म्हटलं, "वर्षाताई, शोभाताईंची पुन्हा अंथरायची आहे."

"अहो पण त्यांचं झालं ना?"

"कुठे झालं? निमंत्रणात खरं बोला लिहिलंत. यांच्या वेळी खरं कुठे गेलं? शंभर रुपये त्यांनीही दिलेत."

वर्षाताई लाल झाल्या. एक बाई पुटपुटली, "असं कसं बोलायचं, त्यांच्या मिस्टरांची आठवण आहे ती."

तेवढ्यात शोभाताईंनीच घडी उलगडली. "आठवन माझ्यापाशी हाय. ही गोधडी हाय. हिला बघा. धाकट्याची आजून कापायची हाय, आन् कापड पुन्ना मिळायचं न्हाई."

कमलमावशी गुडघ्यावर हात ठेवत पुढे आल्या, गोधडीचं टोक धरून उचललं. "जड आहे. सगळं वजन मध्ये. धुतली की पँटीचं कापड पाणी पिणार आणि वाळत घातली की या साड्या शिवणीतून फाटणार. वर्षभरसुद्धा टिकायची नाही."

"मंग?"

"अरुंद पट्ट्या कापा आणि सगळीकडे पसरा. एक पट्टी युनिफॉर्म, एक साडी."

आता वर्षाताईही मांडी घालून बसल्या. पँटीच्या दुहेरी शिवणी आधी उसवून घ्या, नाहीतर सुई मोडते आणि तिथे टाका ढोबळ पडतो, हे त्यांनी दाखवलं. तेही पटण्यासारखं होतं. माझ्याकडे बघायचं मात्र त्यांनी टाळलं. टाळू देत. एकीने निळ्या शर्टाची एक बाजू उन्हाने विटलेली दाखवली, म्हणाली विटलेले तुकडे एकत्र नको. शोभाताई प्रत्येकीशी वाद घालत होत्या, बोटाने मापं घेत होत्या, तोंडावर रंग आला होता.

खिशावरून मात्र जुंपली. कमलमावशी म्हणाल्या, "खिसा मधोमध नको. पोटावर येतो, टोचतो. पायाकडच्या कोपऱ्यात घ्या."

"पायाशी न्हाई! पायाशी त्यानला ठेवायची न्हाई मी."

"मग उशाकडे घ्या."

"बघते."

परतताना आळंदी फाट्याला उतरून रिक्षाने माउलींच्या दर्शनाला गेलो. गुरुवारी रांग असते, पण सरकते. घाटावर उतरले तर इंद्रायणीवर पांढरा फेस तरंगत होता, साबणाच्या बादलीसारखा. लोक तेच पाणी डोळ्यांना लावत होते. मीही लावलं, आणि लावताना चिडचिड झाली. शेजारच्या माळवाल्याला म्हटलं, "याचं कुणी काही करत का नाही?" तो म्हणाला, "माउली, देवाच्या दारात कशाला नावं ठेवता?" दिवसभरात दुसऱ्यांदा तेच!

रात्री आठच्या आत घरी. रिक्षा, बस, प्रवेश, हार-प्रसाद धरून माणशी तीनशेच्या आत भागलं. मेळाव्याला जरूर जा. मात्र तुमच्या शेजारी बसलेली बाई एकटी आहे, दुःखातली आहे, म्हणून तिच्या शिवणीवर बोलायचं टाळणार असाल तर घरीच थांबा. माझा तो राग अजून गेलेला नाही, आणि जावा असं मला वाटतही नाही.

परवा दुपारी शोभाताईंनी वर बोलावलं. धाकट्याची गोधडी अर्धी झालीय. अरुंद पट्ट्या, सगळीकडे पसरलेल्या, उचलली तर हलकी. खिसा मात्र मधोमधच.

"टोचेल," मी म्हटलं.

"टोचू दे. बाकीचं सांग."

मी खाली बसून बोट फिरवलं. खिशाच्या डावीकडे टाक्यांची ओळ वर चढली होती. मनात आलं, एवढं कशाला सांगायचं, इतकी मन लावून शिवतायत. मग म्हटलं, "इथली ओळ तिरकी गेलीय. चांगली वीतभर."

"कुठं? ... व्हय की गं!" त्या खुदकन हसल्या आणि उसवायला बसल्या.