ऑर्विल हाउगेनचं न दिलेलं मत

ऑर्विल हाउगेन आमच्या गावच्या धान्यकोठाराचा व्यवस्थापक. हिवाळ्यात राज्याच्या विधानसभेचं अधिवेशन भरलं की तो राजधानीत जाई. एरवी गव्हाचे ट्रक तोलत असे. तो पाच वेळा निवडून आला आणि पाचही वेळा त्याच्या प्रचाराचा खजिनदार मी होतो. भाषण त्याला कधीच जमलं नाही. दिलेला शब्द पाळतो, एवढ्यावर लोक त्याला मतं देत.

पाचव्या खेपेला त्यानं गावाला शब्द दिला होता, की आपलं रुग्णालय बंद पडू देणार नाही. लहान गावांतल्या रुग्णालयांना सरकारी मदत देणारं विधेयक त्यानंच मांडलं. मतदान सोमवारी होतं. रविवारी तो घरी आला होता, म्हणून मी आणि रुग्णालयाची मुख्य परिचारिका मार्लिस त्याच्याच गाडीतून निघालो.

"मतं पुरून उरतील," तो वाटेत म्हणाला. "म्हणून तर काल ड्वाइटला जोडी दिली."

ड्वाइट पॉली विरोधी पक्षाचा. त्याच्या बायकोच्या हृदयाची शस्त्रक्रिया सोमवारीच होती. अशा वेळी दुसऱ्या बाजूचा एक जण आपलं मत राखून ठेवतो, म्हणजे गैरहजेरीनं कुणाचं पारडं हलत नाही. याला तिथे जोडी म्हणतात. ती तोंडीच ठरते.

सोमवारी आम्ही विधानसभेत वर प्रेक्षकांच्या सज्जात बसलो. थोड्याच वेळात ऑर्विलच्या पक्षाची गटनेता कार्ला ब्रांट त्याला घेऊन सज्जाच्या जिन्याशी आली.

"आपले काही जण फुटलेत, ऑर्व्ह. तुझं मत पडलं तरच जमतंय."

"मी ड्वाइटला जोडी दिलीय."

"कुणी ऐकलंय?"

"ड्वाइटनं."

"अरे, तुझं स्वतःचं विधेयक आहे हे! पाडणार का आपल्याच हातानं?"

"मी शब्द दिला नसता तर तो बायकोला तशीच टाकून आला असता. मग बरोबरी होऊन पडलंच असतं की."

"पण तो आलाय कुठे!" मार्लिस सज्जातून ओरडली. शिपायानं तिला गप्प बसायला सांगितलं.

ऑर्विलनं ड्वाइटला फोन लावला. शब्दातून मोकळं कर म्हणणार होता. फोन उचलला गेला नाही. पुन्हा लावला. मग खालून मतदानाची घंटा वाजली.

नावं पुकारायला सुरुवात झाली. इंग्रजी वर्णक्रमानं हाउगेन मधेच कुठेतरी येतो. मार्लिसनं माझी बाही घट्ट धरली होती. आमची बाजू आणि त्यांची बाजू एकमेकींना ओलांडत होत्या. हाउगेन पुकारलं गेलं आणि ऑर्विल उठला. खुर्चीची पाठ धरून त्यानं ड्वाइटच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. सभापतींनी दुसऱ्यांदा पुकारलं.

"माझी पॉलींशी जोडी आहे," तो म्हणाला. "ते असते तर विरोधात मत देते, मी बाजूनं दिलं असतं. मी मत राखून ठेवतो."

बरोबरी झाली. विधेयक पडलं.

संध्याकाळी त्याच्याच गाडीतून परत निघालो. गावाची पाटी दिसल्यावर मार्लिसनं विचारलं, "वाचली का रे त्याची बायको?"

"वाचली."

"बरं झालं. पण नोव्हेंबरातल्या निवडणुकीत माझं मत धरू नकोस."

तिनं दिलं नाही. गावानंही दिलं नाही. रुग्णालयाला कुलूप लागलं आणि मार्लिस गावाच्या रुग्णवाहिकेवर काम करू लागली. स्वयंसेवक चालक मिळेनात, तेव्हा ऑर्विलनं ती चालवायचा परवाना काढला.

पहिल्याच थंडीत एका मेंढपाळाच्या बायकोला अवेळी कळा सुरू झाल्या. ऑर्विलनं आम्हाला नंतर सांगितलं, की रस्ता बर्फानं दिसतच नव्हता. मागून मार्लिस बजावत होती, "शहरातल्या रुग्णालयापर्यंत पोचवशील, असा शब्द दे या बाईला."

"नाही देत," तो म्हणाला, "घट्ट धरून बसा," आणि त्यानं गाडी दामटली.

मूल वाटेतच झालं, गाडी उभी करून. दोघं वाचली.